लिमयेबाईंचं रान

लिमयेबाई कधी बोट दाखवत नसत. काहीही दाखवायचं झालं की हनुवटी पुढे करायच्या. कोवळ्या कोहळ्याला बोट दाखवलं की तो कुजतो, असं आपल्याकडे म्हणतात. बाई म्हणायच्या, "कोहळ्याचं मला ठाऊक नाही. पण पाखराला बोट दाखवलं की ते उडतं, हे मी पाहिलंय." ही सवय त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की मंगळवारच्या बाजारातही त्या वांगी हनुवटीनेच दाखवत. भाजीवालीला वाटायचं, बामणाची बाई तोऱ्यात आहे. ती मुद्दाम किडकी वांगी टाकायची, आणि बाई घरी येऊन ती अळी मुलींना दाखवायला शाळेत घेऊन यायच्या.

भोरच्या मुलींच्या शाळेत मी शिवणाची बाई म्हणून लागले, तेव्हा संस्थानचं राज्य होतं आणि भाटघरचं धरण होऊन थोडीच वर्षं झाली होती. लिमयेबाई तिथं गणित आणि निसर्गपाठ शिकवत. मूळच्या मार्गासनीच्या, वडील तिथं शाळामास्तर. लग्न लहानपणीच झालं आणि मोडलंही लहानपणीच. नवरा तापाने गेला. वडिलांनी लोकांचं न ऐकता त्यांना पुण्याला शिकायला ठेवलं. हे मला इतरांकडून कळलं. बाईंना स्वतःबद्दल विचारलं तर त्या म्हणत, "त्यात काय बघण्यासारखं आहे?" आणि खिडकीबाहेरच्या शेवग्यावर कोण येऊन बसलंय ते सांगायला लागत.

वर्षातून काही वेळा त्या मुलींना रानात घेऊन जात. थंडीत धरणाच्या पाण्यावर, परदेशी बदकं बघायला. चैत्रात पाण्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक देवराई होती तिकडे. त्या काळात मुलगी घरून शाळेत जाते हेच पुष्कळ होतं. ती बैलगाडीत बसून रानात जाते आणि झाडाखाली पालथी पडून मुंग्या बघते, हे गावाच्या पचनी पडणं सोपं नव्हतं. शाळेच्या कमिटीने अट घातली होती, बरोबर दुसरी एक बाई हवी. बाकीच्या बायकांना पोरंबाळं होती, म्हणून ती कामगिरी माझ्या गळ्यात आली. मी पुण्याच्या शनिवार पेठेतली. रान म्हटलं की पर्वती, एवढीच माझी झेप. पहिल्या सहलीला मी चांगली जरीकाठी नेसून आणि पायात नवी चप्पल घालून गेले होते. बाईंनी नखशिखान्त बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "लग्न कुणाचं आहे?"

त्यांचा स्वतःचा थाट बघण्यासारखा असे. विटक्या हिरव्या रंगाचं लुगडं घट्ट कासोटा घालून नेसलेलं, पायात पुरुषी कॅन्व्हासचे बूट, आणि गळ्यात दुर्बीण. ती दुर्बीण धरणावरच्या एका गोऱ्या साहेबाने बदली होऊन जाताना त्यांना दिली होती. तिची एका डोळ्याची काच तडकलेली होती, त्यामुळे बाई तो डोळा मिटून बघत. पुढे पुढे दुर्बीण नसतानाही काही निरखून बघायचं झालं की तो डोळा आपोआप मिटायचा. गणिताच्या तासाला एखादीचं उदाहरण चुकलं की बाई तिच्या पाटीकडे एक डोळा मिटून बघत, आणि त्या मुलीला घाम फुटत असे.

रानातले त्यांचे नियम कडक. "आधी कान, मग डोळे. तोंड घरी ठेवून यायचं." लाल-पिवळं नेसायचं नाही. डब्यात लसणाची चटणी आणायची नाही, कारण वास आपल्या आधी पोचतो. मी एकदा भाकरीच्या पोटात लपवून नेली होती. बाईंनी फक्त मला सगळ्यांच्या मागं, वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसवलं. तिथून मला दिवसभर मुलींच्या वेण्यांखेरीज काहीही दिसलं नाही.

सगळ्यांत मोठं प्रकरण झालं ते बांगड्यांचं. मुलींच्या हातात डझनडझनभर काचेच्या बांगड्या. एकीने केस मागे सारले तरी रानभर किणकिण. बाईंनी माझ्या शिवणाच्या वर्गातल्या चिंध्या मागून घेतल्या आणि गाडीत बसतानाच प्रत्येकीच्या बांगड्या चिंधीने गुंडाळून टाकल्या. सहल छान झाली, पण मुली घरी गेल्या त्या चिंध्यांसकट. दुसऱ्या दिवशी आयांचा घोळकाच शाळेत आला. विधवा बाईने आमच्या लेकींच्या बांगड्यांचा आवाज बंद केला, हे कसलं लक्षण, असा एकूण सूर होता. एक जण तर पदर डोळ्याला लावून बसली. मला वाटलं, बाई आता विज्ञान सांगणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खरं आहे. मी चिंधी बांधायला नको होती." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शिवणाच्या बाई, खणाच्या तुकड्यांच्या पट्ट्या शिवून द्याल का? आणि त्या मुलींच्या आयांनी घरून बांधून पाठवायच्या, हळदकुंकू लावून." आया निमूट घरी गेल्या. पुढल्या सहलीला मुली आल्या त्या खणाच्या पट्ट्या मिरवत. शिवता शिवता माझी बोटं मोडून गेली, पण तो वाद पुन्हा निघाला नाही.

देवराईजवळ धनगरांची एक वाडी होती. तिथली ठकूबाई आमची वाटाडी. माहेर गुंजवण्याचं, मार्गासनीच्या शेजारचं, म्हणून बाईंवर तिचा माहेरच्यासारखा हक्क. ती पुढे, बाई मागे, मधे मुली, आणि सगळ्यांच्या शेवटी धापा टाकत मी. या दोघींचं सारखं काही ना काही वाजायचं, अर्थात कुजबुजत्या आवाजात. एकदा चिखलात बिबळ्याचा ठसा दिसला आणि बाईंनी त्याचं नाव घेतलं. ठकूबाई थांबली.

"बाई, हितं त्येचं नाव घ्यायचं न्हाई. मोठं जनावर म्हना."

"ठकूबाई, तो काय नाव ऐकून येतो?"

"येत न्हाई. पर नाव घ्येतल्यावर आला, तर मंग म्हनू नका, ठकूनं सांगितलं न्हाई."

बाईंनी तेव्हापासून वर्गातसुद्धा 'मोठं जनावर' म्हणायला सुरुवात केली. वार्षिक परीक्षेत 'मांजराच्या कुळातील दोन प्राणी लिहा' या प्रश्नाला निम्म्या वर्गाने 'वाघ आणि मोठं जनावर' असं लिहिलं. तपासायला आलेल्या साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "उत्तर बरोबर आहे, मुलींनी फक्त काळजी घेतली आहे." सगळ्यांना पूर्ण गुण मिळाले.

त्या वाडीच्या देवराईत एक जुना बेहडा होता, आणि त्याच्या ढोलीत धनेशाचं घरटं. चैत्रातली सहल खरं तर त्यासाठीच. धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि चिखल-विष्ठेने ढोलीचं तोंड स्वतःच लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून तिला फळं भरवतो. मुली हे ऐकून अवाक होत. एकीने विचारलं होतं, "बाई, तिला गुदमरत नसेल?" बाई म्हणाल्या, "तिने स्वतः बंद करून घेतलंय. वेळ झाली की तीच फोडून बाहेर येते." यावर मला दहा गोष्टी सुचल्या असत्या, पण बाईंना पाखराच्या गोष्टीतून माणसाला उपदेश केलेला खपत नसे. पाखराची गोष्ट ती पाखराचीच.

एका वर्षी सुमती नावाची एक मुलगी आमच्याबरोबर होती. दहा-अकरा वर्षांची, सावळी, फार न बोलणारी. वडील संस्थानात शिरस्तेदार. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. करारी माणूस, पण मुलीला शाळेत घालण्यात पहिला नंबर त्यांचा. बाईंची ती लाडकी होती, असं मी म्हणणार नाही. बाई लाड करत नसत. पण रानात बसायची वेळ आली की बाई तिला आपल्या शेजारी बसवत, एवढं मी बघितलं होतं. ती बसली की झुडपात मिसळून जायची. बाई म्हणत, "ही बसते तसं बसायला मला दहा वर्षं लागली."

त्या वर्षीच्या चैत्रातल्या सहलीला आम्ही बेहड्यासमोर पुष्कळ वेळ बसलो, पण नर काही आला नाही. मुली बऱ्याच होत्या, कुणाला शिंक, कुणाला खोकला. शेवटी बाईंनी उठायची खूण केली. आम्ही खाली वाडीत गाड्यांपाशी आलो, बाईंनी डोकी मोजली, आणि एक कमी भरली. सुमती नव्हती.

पहिल्यांदा कुणी घाबरलं नाही. असेल मागं, येईल. मग मी हाक मारली, मुलींनी मारली. ठकूबाई आणि वाडीतले गडी वर गेले. रान हाकांनी भरून गेलं. कुणी पत्र्याचा डबा वाजवत होतं. उन्हं कलायला लागली. योग असा की त्या दिवशी कुणी मोठा अधिकारी धरणावर आला होता, म्हणून भाऊसाहेब भाटघरलाच होते. गाडीवानाने तिकडे वर्दी दिली आणि ते घोड्यावरून आले. त्यांच्या अंगावर दरबारी कोट होता, डोक्याला पगडी नव्हती. ते आले तसे सरळ वर रानात शिरले आणि मुलीच्या नावाने हाका मारू लागले. माणूस असा हाका मारत असतो तेव्हा त्याच्याकडे बघवत नाही.

बाई तोवर दरीच्या अंगाला जाऊन आल्या होत्या. हातापायांवर काट्यांचे ओरखडे. त्या मधेच थांबल्या आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्या मला म्हणाल्या, "ती ओ देणार नाही."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"मीच सांगितलंय, पाखरू समोर असताना हाक आली तरी ओ द्यायची नाही, गोंगाट झाला तर हलायचं नाही. आपण ओरडतोय तोवर ती हलणारसुद्धा नाही."

त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. भाऊसाहेबांनाही. मग एकट्या बेहड्याकडे गेल्या, आणि त्यांच्या मागून आम्ही. दिवेलागण होत आली होती. बेहड्यापासून हाकेच्याही अलीकडे करवंदीची एक जाळी होती. तिच्या आत, गुडघे पोटाशी घेऊन, सुमती बसली होती. गडी दोनदा तिच्या शेजारून गेले होते. हिरवट परकर, खणाच्या पट्टीत गुंडाळलेल्या बांगड्या, आणि हूं की चूं नाही. बाईंनी शिकवलं होतं ते सगळं तिने अगदी बरोबर केलं होतं.

भाऊसाहेबांनी तिला उचलून घेतलं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मी हाका मारल्या. तुला ऐकू नाही आल्या?"

"आल्या, बाबा."

"मग?"

"नर आला होता. उंबरं घेऊन. हाकांनी तो वरच्या फांदीवरच थांबला होता. मी ओ दिली असती तर उडाला असता, म्हणजे आत तिला उपास पडला असता."

 भाऊसाहेबांनी तिला घोड्यावर पुढे बसवलं आणि ते निघून गेले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून सुमती शाळेत आली नाही. गावात व्हायची ती चर्चा झाली. कमिटीची बैठक बसली. अध्यक्ष एक म्हातारे वकील होते, बाईंना मानणारे. त्यांनी बाईंना बोलायची संधी दिली, म्हणजे पळवाट काढून दिली. मुलगी स्वतःच मागे राहिली, एवढं बाईंनी म्हणायचं होतं. बाई उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी मुलींना गप्प बसायला शिकवलं. केव्हा बोलायचं ते शिकवलं नाही." आणि खाली बसल्या. एवढं सरळ उत्तर ऐकायची कमिटीला सवय नव्हती. पुढच्या वर्षापासून मुली कमी न्याव्यात, बरोबर एक शिपाई द्यावा, असा ठराव करून मंडळी चहाला उठली. सहली वाचल्या. मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

बाईंना मात्र त्यात काही आनंद दिसेना. त्या रोज हजेरी घेत आणि सुमतीचं नाव वाचून थांबत. मग बातमी आली, की भाऊसाहेबांनी मुलीसाठी स्थळं बघायला घेतली आहेत. साताऱ्याकडचं एक स्थळ जवळपास ठरत आलं होतं. त्या संध्याकाळी बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "येता का बरोबर? एकटीने जाणं बरं दिसत नाही."

भाऊसाहेब ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. आतल्या दारामागे कुणीतरी उभं होतं, बहुधा सुमतीची आई. बाईंनी क्षमा मागितली, ती त्यांनी ऐकून घेतली. बाई म्हणाल्या, "तिला शाळेत पाठवा."

"बाई, तुमच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण ती शाळेत असली की तुमच्या मागं रानात येणार. मी नाही म्हटलं तरी येणार. तिला मी ओळखतो."

"मग मी रानात जाणार नाही."

झोपाळा थांबला.

"मुलींना घेऊन रानात पाऊल टाकणार नाही," बाई म्हणाल्या. "ती शाळेत आहे तोवर. माझा शब्द."

"मी असलं काही मागितलेलं नाही. कमिटीने तुमच्या सहली चालू ठेवल्या आहेत. पुष्कळ मुली येतात तुमच्याबरोबर. माझी एकटी मुलगी..."

"त्या पुष्कळजणी शाळेत आहेत, भाऊसाहेब. ही घरी आहे."

भाऊसाहेबांनी पायाने झोपाळ्याला पुन्हा रेटा दिला. मग म्हणाले, "सोमवारी पाठवतो." बाई उठल्या. दारात त्यांनी आणखी एकच सांगितलं, "हे तिला कळू देऊ नका."

परत येताना मला इतका राग आला होता की रस्त्यात मी बाईंशी भांडले. एका मुलीसाठी सगळ्या मुलींचं रान बंद करायचं हा कुठला न्याय, असं मी विचारलं. मला स्वतःलाच नवल वाटलं. चढ बघून देवाचं नाव घेणारी मी, रानासाठी भांडत होते. बाई म्हणाल्या, "रान कुठे जात नाही. पोरीचं वय जातं." 

सोमवारी सुमती आली. पुढचा चैत्र आला आणि गेला, गाड्या काही सांगितल्या गेल्या नाहीत. मुलींना सांगितलं की बाईंचे गुडघे दुखतात. एका बाजाराच्या दिवशी ठकूबाई लोणी विकायला आली ती थेट शाळेच्या पायरीवर.

"बाई, औंदा पोरी न्हाई आनल्या? नर येऊन ऱ्हायलाय की त्या झाडावं."

बाईंनी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. ठकूबाईने दोनदा विचारलं, "एका पोरीपायी?" बाई म्हणाल्या, "व्हय, एकीपायी." ठकूबाईने डोक्यावरची चुंबळ नीट केली. "मंग त्या पोरीला लई शिकाय पायजे," ती म्हणाली, आणि लोण्याचा एक गोळा बाईंच्या हातावर ठेवून निघून गेली.

सुट्टीत बाई एकट्या कधी तिकडे जाऊन येत. मी विचारलं की सांगत, अमुक दिसलं, तमुक दिसलं. पण सांगण्यात पहिली चव नसे. एकदा म्हणाल्या, "दाखवायला कुणी नसलं की निम्मंच दिसतं." त्यांच्या तोंडून ऐकलेली तक्रार म्हणावी अशी एवढीच.

सुमती शिकली. खरोखरच लई शिकली. पुण्याला जाऊन मॅट्रिक झाली, पुढे शिक्षिकेची परीक्षा दिली (तीही शाळाच, म्हणून बाईंनी तेव्हाही गाड्या सांगितल्या नाहीत), आणि आमच्याच शाळेत निसर्गपाठ शिकवायला आली. तोवर बाईंचे गुडघे खरोखर दुखू लागले होते आणि त्यांच्याकडे पहिलीचा वर्ग होता. सुमतीने आल्या आल्या सहली सुरू केल्या. तिच्या मुलींनाही रानात गप्प बसावं लागे, पण शिटी वाजली की प्रत्येकीने ओ द्यायची, पाखरू उडालं तरी चालेल, असा तिचा नियम. ठकूबाई आता थकली होती, तरी वाट दाखवायला तीच लागे. बाईंना सुमतीने पहिल्याच वर्षी बोलावलं. बाई गुडघ्यांवर हात ठेवून नाही म्हणाल्या. सुमतीला ते पटलं. मला सगळं माहीत होतं, आणि गप्प बसणं जड गेलं.

भाऊसाहेब गेले त्या वर्षीची गोष्ट. जाण्याआधी त्यांनी मुलीला सगळं सांगितलं होतं. चैत्रातल्या सहलीच्या दिवशी शाळेसमोर गाड्या जुंपून उभ्या होत्या, मुली चढून बसल्या होत्या. बाई फाटकाशी उभ्या राहून कुणाचा डबा राहिलाय, कुणाची वेणी सुटलीय ते बघत होत्या. सुमती गाडीतून उतरून त्यांच्याजवळ आली. तिचे डोळे सुजलेले होते. आधीच्या रात्री ती झोपली नसावी.

"बाई, मला बाबांनी सांगितलं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. माझ्याकडून गेलेलं नव्हतं.

"बाबा नाहीत आता," सुमती म्हणाली. "शब्द संपला. मी तुमच्यासाठी गाडीत गादी घातली आहे. चला."

बाईंनी एक डोळा मिटून तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता येतील. त्यांचा हात गाडीच्या साटीवर टेकलेला होता आणि गाडीवानाने बैल आवरून धरले होते.

"शब्द तू शाळेत आहेस तोवरचा होता," बाई म्हणाल्या. "तू अजून शाळेतच आहेस, सुमे."

सुमती रडायला लागली. मुली गाडीतून बघत होत्या. बाईंनी तिला रडू दिलं, मग पदराने तिचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "ऊन वर येतंय. निघा आता."

गाड्या निघाल्या. नदीकडच्या वळणाआड शेवटची गाडी गेली तोवर बाई उभ्या होत्या. मग त्यांनी फाटक आतून लावून घेतलं आणि पहिलीच्या वर्गावर गेल्या. खूप वेळ त्या वर्गातून काहीच ऐकू येईना, म्हणून मी दारातून डोकावले. बाई फळ्यासमोर हनुवटी पुढे करून उभ्या होत्या, आणि पहिलीतल्या सगळ्या चिमण्या पोरी तोंडावर बोट ठेवून, उघड्या खिडकीतून शेवग्याकडे बघत बसल्या होत्या.